झाकलेला उपास

माझ्या वडिलांना, आबांना, अर्धवट काही खपत नसे. सायकल पुसायला बसले की चेनच्या कडीकडीतून फडकं फिरायचं. गाणं म्हणायचं तर सगळी कडवी म्हणायची, मग शेजारच्यांनी वैतागून रेडिओचा आवाज वाढवला तरी बेहत्तर. "प्रभूला अर्धं मन चालत नाही," हे त्यांचं पालुपद. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, आणि मला अर्ध्या मनाचा बाप चालला असता असं माझ्या मनात यायचं. आजही येतं, खोटं कशाला बोलू?

आम्ही मूळचे खानदेशातले, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. ऐंशीच्या दशकात सिल्वासाला कंपन्या उभ्या राहायला लागल्या तशी आमच्या भागातली माणसं पोटामागे इकडे आली, त्यांत आबाही आले. खडोलीला यार्नच्या, म्हणजे धाग्याच्या, कंपनीत ते मशीनवर होते आणि आमची खोली सिल्वासातल्याच आमलीत, पत्र्याच्या चाळीत. कंपनीची सुट्टी शुक्रवारी असायची, म्हणून आमची उपासनाही शुक्रवारीच, आमच्याच खोलीत. दहा-बारा माणसं, सगळी कामगार, एवढीच आमची मंडळी. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा वापीहून यायचे, बाकीचे शुक्रवार आबा चालवायचे. शाळेत मुली विचारायच्या, "तुमचा रविवार शुक्रवारी येतो का गं?" मी म्हणायचे, "हो, आणि आमची दिवाळी डिसेंबरात." 

उपासना संपली की आबा सायकल काढून अथालकडच्या आदिवासी पाड्यांवर जायचे. तिथे कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची, कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर मागे बसवून आणायचं. एकदा थंडीत अंगावरचं ब्लँकेट तिथेच कुणाला तरी देऊन आले आणि पुढचे दोन महिने चादरीत कुडकुडले. सुपरवायझरची जागा चालून आली तीही त्यांनी सोडली, कारण तिथे शुक्रवारीसुद्धा जावं लागायचं. वधस्तंभ उचलायचा म्हणजे स्वतःचं काहीतरी खाली ठेवावं लागतं, असं ते म्हणत. त्यांनी काय काय खाली ठेवलं याची यादी त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही, हे मात्र मला कबूल करायलाच हवं.

उपासाच्या बाबतीत तर त्यांचा कडक नियम होता. उपास झाकून करायचा. त्या दिवशी तोंड स्वच्छ धुवायचं, डोक्याला तेल लावायचं, चारचौघांत हसून बोलायचं. जो उपास लोकांना कळला तो वाया गेला. हे त्यांनी मला आणि मायला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते आमच्या अंगात भिनलं होतं.

माय म्हणजे माझी आई. ती बोलायची कमी. आबा बोलून दाखवायचे ते ती करून मोकळी व्हायची. लोक आबांना भक्तिमान म्हणायचे, पण त्या घरात खरी हट्टी तीच होती.

मायच्या पायाला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. तिला सारखी तहान लागायची, ती अंगाने वाळत चालली होती. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, साखरेचा आजार. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी दिली, गोड बंद करायला सांगितलं, आणि जखम अशीच राहिली तर पाय कापावा लागेल असंही सांगितलं. गोळीनंतर नाश्ता करायचा, हेही ते हिंदीत म्हणाले होते. पण तसं तर डॉक्टर सगळ्याच गोळ्यांना म्हणतात. पोटात जळजळ होऊ नये म्हणून असेल, असं आम्ही धरून चाललो. शेजारी एक कोकणातल्या काकू राहायच्या, त्यांचे यजमान सरकारी नोकरीत. त्या म्हणाल्या, "साखर म्हणजे खाण्याचा आजार हो. जेवढं कमी खाल तेवढं बरं." चाळीतल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आमच्याही डोलल्या.

पाय कापायचं ऐकल्यावर आबांनी ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपास धरला. दिवसभर पाण्यावर राहायचं आणि दिवस मावळल्यावर एकदा जेवायचं. मायचा पाय वाचावा म्हणून. सहाच्या आत ते सायकलने खडोलीला निघायचे. निघण्याआधी मायला आपल्या हाताने गोळी द्यायचे, ती गिळेपर्यंत समोर उभे राहायचे, आणि मगच दार ओढून घ्यायचे. डबा न्यायचे नाहीत. आठ तास मशीनवर उभं राहून त्याच पायांनी सायकल हाणत परत यायचे, आणि तेल लावलेलं डोकं घेऊन आमच्याशी हसून बोलायचे.

पाच-सहा दिवसांनी माझ्या डब्यात एकाऐवजी दोन भाकरी यायला लागल्या. मी खादाड होते, पहिले दोन दिवस मुकाट्याने खाल्ल्या. मग एका दुपारी मी घरी लवकर आले आणि मायला विचारलं, "तू जेवलीस का?" ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते माझ्यासाठी उपाशी, आन मी बसून खाऊ? घास उतरंल का मले?"

मी म्हटलं, आबांना सांगते. तेव्हा तिने राखेचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "आबाले सांगू नको. कोनलेच नको. उपास झाकेल राहिला पाहिजे." तिने मला प्रभूसमोर कबूल करायला लावलं, आणि मी डोळे मिटून कबूल केलं.

मला सारखं वाटतं, ती जरा कमी सच्ची असती तर किती बरं झालं असतं. गोळी चुकवून उपास केला असता तरी वाचली असती. उपास मोडून गोळी घेतली असती तर वाचलीच असती. पण आबांना गोळीचा शब्द दिला होता आणि प्रभूला उपासाचा, आणि एकाही शब्दात तिने कुचराई केली नाही. दुपारी तिला घाम फुटायचा. हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची, मग ती भिंतीला टेकून बसायची. म्हणायची, उपासात असंच होतं. संध्याकाळी जेवली की ठीक व्हायची, म्हणून मीही ते खरं मानलं. आणि खरं सांगायचं तर पायाची जखम सुकायला लागली होती. शुक्रवारी मंडळीने तिचा पाय पाहून देवाची स्तुती केली. काय म्हणावं या गोष्टीला? मी अजून शब्द शोधते आहे.

बत्तिसावा दिवस शुक्रवारचा होता. सकाळी गोळी देऊन झाली, मग दहा वाजता खोलीत मंडळी जमली. प्रार्थना चालू असताना सगळ्यांचे डोळे मिटलेले. माय काहीतरी पुटपुटत होती, डुलत होती, पदर घामाने भिजला होता. ज्यांनी डोळे किलकिले करून पाहिलं त्यांना वाटलं, बाई प्रार्थनेत हरवली आहे. कुणी तिला हात लावला नाही. आमेन झालं आणि ती माझ्या अंगावर कलंडली. मला ओळखत नव्हती. मग डोळेही उघडेना.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, सकाळी गोळी घेतली का? आबा म्हणाले, "हो, मी माझ्या हाताने दिली." मग त्यांनी विचारलं, काही खाल्लं होतं का?

आबा काही बोलले नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभी होते. मायला दिलेला शब्द आठवला, तिचे राखेचे हात आठवले. मी म्हणाले, "हो. भाकरी खाल्ली."

मी तेरा वर्षांची होते. हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे, पण त्याने फरक पडत नाही. डॉक्टरांना वाटलं साखर वाढली असेल, नाहीतर मेंदूत काही झालं असेल. रक्त तपासायला गेलं, आणि त्याचा कागद संध्याकाळी हातात आला. मग धावपळ झाली, ग्लुकोज लावलं. माय जागी झाली नाही. रविवारी सकाळी गेली. डॉक्टर आबांना बाजूला घेऊन म्हणाले की रक्तात साखर उरलीच नव्हती, गोळी पोटात होती आणि अन्नाचा कण नव्हता. माझ्याकडे त्यांनी एकदा नुसतं पाहिलं. आबांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढे मी नर्सिंगचं शिकले. त्या पहिल्याच वर्षी वर्गात हा भाग आला. बाई म्हणाल्या, अशा वेळी रोग्याला शुद्ध असेल तर साखरेचं पाणी पाजा, दोन-तीन चमचे साखर पुरते. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. आमच्या खोलीत फळीवर साखरेचा डबा भरलेला होता. त्या दुपारी, त्या कितीतरी दुपारी, तो माझ्या हाताच्या अंतरावर होता.

मायला मूठमाती देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी मी भात केला. आबा म्हणाले, "तू जेव. माझे दिवस राहिले आहेत." मला कळेचना ते काय म्हणताहेत. ज्या पायासाठी उपास धरला तो पाय मातीत गेला होता, आणि हा माणूस चाळीस पूर्ण करणार होता! मी रागाने त्यांच्यासमोर बसले, कांदा फोडला आणि मचमच आवाज करत जेवले. त्यांनी मला पाणी भरून दिलं. उरलेले सगळे दिवस त्यांनी दिवस मावळल्यावरच अन्नाला हात लावला, आणि ईस्टरच्या दुपारी मंडळीबरोबर बसून जेवले.

त्यानंतर त्यांनी उपास कधीच केला नाही. पाड्यांवर जाणं चालू राहिलं, उलट वाढलं, कुणाच्या मुलाचं तोंड धुण्यापासून कुणाच्या छपरावर चढण्यापर्यंत सगळं ते करत राहिले. पण स्वतःला नाकारून वधस्तंभ उचलण्याचा बायबलातला धडा वाचायची पाळी आली की दुसऱ्या कुणाला उठवायचे. मंडळीतले जुने लोक आपसांत म्हणायचे, भाऊ जरा थंडावले. माझ्या खोट्याबद्दल त्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही. मीही मूग गिळून बसले. मला वाटायचं, त्यांना रिपोर्ट आला तेव्हा सगळं कळलं आणि त्यांनी मला मनातून टाकलं. एकाच खोलीत राहून आम्ही एकमेकांशी मीठ, तिखट आणि पाणी एवढंच बोलायचो. मग मी नाशिकला शिकायला गेले, तिथेच नोकरीला लागले, आणि आठवड्याचं पत्र महिन्याचं झालं.

मायला जाऊन अकरा वर्षं झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सुट्टी काढून आमलीला गेले, याच कामासाठी गेले. दुपारी आबांना ताट वाढलं आणि ते जेवायला लागायच्या आत म्हटलं, नाहीतर माझा धीर गेला असता. "आबा, त्या दिवशी डॉक्टरांना मी खोटं सांगितलं. तिने मला कबूल करायला लावलं होतं. मला माफ करा."

"माहीत आहे मले," ते म्हणाले.

"रिपोर्ट आल्यावर कळलं ना?"

"नाही पोरी. तू बोललीस तेव्हाच माहीत होतं." त्यांनी ताट थोडं मागे सारलं. "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मले. सांजचं जेवताना तिचा घास ज्या घाईने जायचा, त्यावरून माणूस ओळखतो."

मी विचारलं, "मग तिथे गप्प का उभे राहिलात?"

"वाटलं, तिचा उपास आहे, मी कसा उघडा करू. मीच शिकवेल होतं ना तुम्हाला. आन गोळीचं हे असं असतं, हे कुठे ठाऊक होतं?"   मग ते ताटाकडे बघतच म्हणाले, "पण तेवढंच नाही. ती उपाशी आहे हे कळलं तेव्हाच तिला खाय म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. मले बरं वाटायचं. मशीनवर पोटात आग पडली की मनात यायचं, घरी ती पण उपाशी आहे. मग माझं निभायचं. तिला खाय म्हटलं असतं, तर मी एकटा पडलो असतो."

  मी माफी मागायला आले होते, आणि माफ करायची पाळी माझ्यावर आली. अकरा वर्षं हा माणूस माझ्या खोट्यावर नव्हे, स्वतःच्या त्या बरं वाटण्यावर गप्प होता, आणि मी नाशिकला बसून त्यांच्या रागाला घाबरत होते. मला त्यांची दया आली. मला त्यांच्या अंगावर ताट फेकावंसंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी आणि सारख्याच जोराने.

"जाऊ द्या आबा," मी म्हणाले. "जेवा आता."

पूर्ण मनाने म्हटलं नव्हतं. ते त्यांना कळलं. ज्याला आयुष्यभर अर्धं मन चाललं नाही त्या माणसाने तेवढंच घेतलं, मान खाली घातली आणि जेवायला सुरुवात केली.