पिंजूच्या पोटाची खबर

सिंधूअक्काला कुणी तान्हं मूल दाखवायला नेलं, तर ती आधी त्याचं तोंड बघायची नाही. लंगोट मागायची. आम्ही रावेरला राहायला आलो तेव्हा माझा थोरला दोन महिन्यांचा होता. शेजारीण म्हणून मी त्याला काजळ-तीट लावून, नवं झबलं घालून अक्काच्या ओट्यावर घेऊन गेले. तिनं झबल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लंगोट दाखव," म्हणाली. मी म्हटलं, घरी जाऊन धुतलेला आणते. "धुतलेला घेऊन मी काय करू व माय? जो काढला, तो आण." मला वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर नसावं. नंतर कळलं की एका दवाखान्यात तिनं वीस वर्षं आयाचं काम केलं होतं, आणि तिथले डॉक्टरही बाळाला तपासायच्या आधी "अक्का, काय वाटतं?" असं तिलाच विचारत. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तोंड खोटं बोलतं. पोटाले ते जमत नही."

आता तिच्या सशाचं सांगते. खरं तर तो तिचा नव्हताच, नातीचा होता.

अक्काला एकच मुलगी, धुळ्याला दिलेली. ती काविळीनं गेली तेव्हा मागे सहा वर्षांची सुमन राहिली. पोर रडायची थांबेना म्हणून बापानं धुळ्याच्या बाजारातून पांढरा ससा आणून दिला. पिंजलेल्या कापसासारखा दिसायचा, म्हणून त्याचं नाव पिंजू. वर्षाच्या आत जावयानं दुसरं लग्न केलं. नव्या बाईला घरभर लेंड्या खपेनात. मग दिवाळीत जावई पोरीला आणि सशाला घेऊन रावेरला आले, आणि परत जाताना ससा ठेवून गेले. ओट्यावर चपला घालता घालता म्हणाले, "ससा आहे तोवर सुमी सुट्टीत येत जाईल. त्याच्यासाठी तरी हट्ट करेलच."

त्यांनी सहज म्हटलं असेल. अक्कानं ते वाक्य पदराच्या गाठीला बांधून ठेवलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "ऐकलं ना कमल? हा जगला तर पोरगी दिसंल."

त्या दिवसापासून अक्काची सकाळ पिंजूच्या कोपऱ्यात सुरू होऊ लागली. चहासुद्धा नंतर. आधी केरसुणीनं लेंड्या एका जुन्या पत्र्यावर ओढायच्या आणि उजेडात नेऊन बघायच्या. लेंडी हरभऱ्याएवढी हवी, गोल हवी, बोटात दाबली की आत नुसता गवताचा भुगा दिसला पाहिजे. बारीक आणि कडक झाली की पाणी कमी पडलं. एकामागे एक माळेसारखी गुंफून आली की चाटताना केस पोटात गेले. मग त्या दिवशी ओल्या हातानं त्याचे गळते केस काढत बसायची. तो आपल्याच बुडाशी तोंड नेऊन मऊ लेंड्या खातो, हे पाहून मला शिसारी आली, तर मलाच ओरडली, "त्याले हटकू नको! एकदा खाऊन त्याचं भागत नही, गवत दोनदा पचवतो तो. तुह्यापरीस शहाना हाये." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकली.

एकदा मात्र ती घाबरली. पिंजू पाठ वर काढून, अंग चोरून बसला, कान गार, दात कराकरा वाजवत होता. ती त्याला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेली, मीही बरोबर होते. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, "अक्का, मी बैलाला खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस. ह्याला मी काय करू?"

"मंग कान तर लावा त्याच्या पोटाले!"

डॉक्टर हसले. अक्कानं स्वतःच टोपलीत वाकून कान लावला. "पोट बोलत नही," म्हणाली. घरी आणून थोडं थोडं कोमट पाणी पाजलं, पोट बोटांनी हळूहळू चोळलं, अंगणात चालवलं. दुपारी चार लेंड्या पडल्या. ती त्या तळहातावर घेऊन माझ्या दारात आली. बाई हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

अक्काला लिहिता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं पुड्यांचे कागद वाचून वाचून आलेलं. दर आठवड्याला धुळ्याला जाणारं पोस्टकार्ड मी लिहायची. "चि. सुमनला आशीर्वाद. पिंजू बरा आहे. लेंड्या हरभऱ्याएवढ्या, कोरड्या. गवत दोन मुठी खाल्लं. पोट मऊ." एवढंच. पोस्टमन म्हणायचा, "अक्का, धुळ्याच्या पोस्टात साहेबापासून शिपायापर्यंत बठ्ठ्यांना तुमच्या सशाचं पोट पाठ झालं असंल." अक्का म्हणायची, "होऊ दे. चांगल्या पोटाची लाज कशाले?"

एकदा मी आपल्या मनानं शेवटी लिहायला घेतलं, तुझी फार आठवण येते. तिनं माझा हात धरला. "नको. कार्ड जावई वाचतात, ती बाई वाचते. आठवणीचं वाचलं की तिले वाटंल, म्हातारी पोरीले ओढते. सशाच्या पोटावर कोनी राग धरत नही."

सुमनचंही उत्तर यायचं. अक्षर कमी, चित्र जास्त. एक ससा आणि त्याच्यामागे गोल गोल ठिपक्यांची रांग. दोन उन्हाळे पोर आली. आली की आधी कोपऱ्यात जाऊन लेंडी बोटात दाबून बघायची, अगदी आजीसारखी. माझ्या पोरांनाही तिनं तो नाद लावला.

तिसऱ्या वर्षी अक्काचे डोळे गेले. मोतीबिंदू. लेंड्या आता ती नजरेनं नाही, बोटांनी ओळखायची. चैत्रात जळगावला ऑपरेशन ठरलं. "मे महिन्यात पोरगी येईल तवा तिचं तोंड नीट दिसू दे," एवढाच तिचा हेतू. जामनेरहून तिची भावजय सोबतीला आली, आणि आठ दिवसांसाठी पिंजू माझ्याकडे आला. जाताना अक्कानं तीन-तीनदा बजावलं, "गवत आन् पानी. बाकी काही नही. त्यानं तोंड फिरवलं तरी नही."

त्यानं तोंड फिरवलं. नवं घर, पोरांचा गलका. पहिला दिवस तो कोपऱ्यात तसाच बसून राहिला. माझा जीव तुटला. आता आमच्या रावेरचं काय सांगू! इथं ट्रक भरून झाले की उरलेल्या केळीचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले. पाहुणा आला की केळ, भिकारी आला की केळ, गाय दारात आली की केळ, पोर रडलं की केळ. खायला दिल्याशिवाय माया केली असं आम्हाला वाटतच नाही. माझ्या घरात दिराच्या मळ्यातला घड टांगलेलाच होता. मी अर्धं पिकलेलं केळ त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते इतक्या आवडीनं खाल्लं की मलाच धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी एक दिलं. मग दोन. गवताकडे तो ढुंकूनही बघेना, आणि मी म्हटलं, पोट भरतंय ना, मग झालं. पाचव्या दिवशी लेंड्यांच्या जागी चिकट लगदा पडला. सातव्या दिवशी काहीच नाही. मी कोपरा स्वच्छ बघून खूश झाले, खोटं कशाला सांगू.

आठव्या दिवशी अक्का आली. डोळ्यावर हिरवी पट्टी. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती घरात न जाता आधी माझ्याकडे आली, खाली बसली, पिंजूच्या पोटावर हात ठेवला. पोट ढोलकीसारखं ताणलेलं.

"काय दिलं व कमल?"

"गवतच," मी म्हणाले.

तिनं त्याचं तोंड आपल्या नाकाजवळ नेलं. वास घेतला. माझ्याकडे तोंड वळवलं, पट्टीआडून तिला मी किती दिसले देव जाणे. ससा उचलून घेऊन गेली.

दोन दिवस ती वाकून त्याचं पोट चोळत राहिली. भावजय ओरडली, मी पाया पडले, की अक्का, डोळा जाईल. "जाऊ दे," एवढंच म्हणाली. ओव्याचं पाणी झालं, कोमट पाणी झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या मांडीवरच तो लांब झाला. तो डोळा पुढे पाणी गळून गळून कायमचा अधू राहिला.

मी म्हटलं, धुळ्याहून दुसरा पांढरा आणवू, पोरीला कळणार नाही. अक्का म्हणाली, "जिच्या घरात आईच्या जागी दुसरी बाई आनली, तिले बदललेलं कळत नही?" मग म्हणाली, "कार्ड घे."

मी पेन घेऊन बसले. आता माझं नाव येणार. तिनं सांगितलं, "लिही. पिंजू गेला. आजीनं त्याले नको ते खाऊ घातलं. आजीची चूक झाली."

मी थांबले. "अक्का, हे..."

"लिही गुमान. तुह्यावर रुसली तर सुट्टीत खेळंल कोनासोबत? तुह्या पोरांसोबतच ना? माह्यावर रुसली तर दोन दिसांत इसरंल. आजीवर कोन किती दिस रुसतं?"

मी लिहिलं. तिच्या मायेपोटी लिहिलं असं म्हणवत नाही. सुटले असं वाटलं म्हणून लिहिलं, आणि धावत जाऊन पेटीत टाकून आले.

उत्तर जावयाचं आलं. "सुमन येणार नाही म्हणते. आता ससाही नाही, एवढ्या लांब यायचं कारणही उरलं नाही." अक्कानं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यानंतरही ती अधूनमधून कोरं कार्ड घेऊन यायची. "लिही," म्हणायची. मी "चि. सुमनला आशीर्वाद" लिहून थांबायची. तिच्याकडे पुढे लिहायला खबरच नसायची. "राहू दे," म्हणायची. असं सात-आठ वर्षं चाललं. अर्धी लिहिलेली कितीतरी कार्डं तिच्या पत्र्याच्या पेटीत निघाली.

अक्का थंडीत गेली. दहाव्याला सुमन आली. कॉलेजात जाणारी, उंच, बापासारखी अबोल. दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "मावशी, आजीनं पिंजूला काय दिलं होतं हो शेवटी? तिला तर सगळं माहीत होतं. मला इतकी वर्षं तेच कळत नाही. मला वाटायचं, तिनं मुद्दाम केलं, माझी ब्याद नको म्हणून."

सांगायची वेळ तीच होती. पोळी तव्यावर होती, पोर समोर उभी होती. मी म्हणाले, "म्हातारी झाली होती गं. लक्षात राहिलं नसेल तिच्या."

तिनं मान हलवली, आणि साडेतीनच्या गाडीनं धुळ्याला गेली. पुन्हा आली नाही.

सुमन, तू आता कुठे असतेस मला माहीत नाही. तुझ्या आजीच्या सगळं लक्षात होतं. तिनं गवत आणि पाणी सांगितलं होतं. केळी मी दिली. तिनं विचारलं तेव्हा मी गवत म्हणाले, आणि तू विचारलंस तेव्हा म्हातारी म्हणाले.