सिद्रामअण्णांचं नाव यादीत गेलं कसं

आमच्या निपाणीत गुप्त खात्याचा माणूस कोण, हे चहावाल्यालाही ठाऊक असतं. नागेंद्र साध्या कपड्यात आला की बिनसाखरेचा कप न विचारता पुढं होतो. सीमाप्रश्नाच्या सभेला कोण आलं, कोण बोललं, ते वर कळवायचं, ही त्याची नोकरी.

माझे शेजारी सिद्रामअण्णा माइकवाले. सभा मराठीची असो, कन्नडची असो, भीमजयंती असो की पोलिसांची शांतता बैठक, भोंगे यांचेच. अँप्लिफायरजवळ नीट ऐकू येतं, म्हणून नागेंद्रला तिथं खुर्चीही हेच टाकून देत. एवढी सरबराई जावयाचीसुद्धा कुणी करत नसेल. साहेबाला यादीत दहा नावं लागत. माणसं नऊच भरली की नागेंद्र डोकं खाजवी. मग अण्णा म्हणत, "माझं घाल की रं. मी हायच की हितं."

असं बारा वर्षं चाललं.

यंदा अण्णांची लेक उपासना केंद्र सरकारच्या सुरक्षा खात्यात कारकून म्हणून निवडली गेली. पडताळणी झाली आणि नेमणूक अडकली. कारण काय, तर वडील बारा वर्षं सीमाप्रश्नाच्या सभांना हजर. अहो, कन्नडच्या सभांना, पोलिसांच्या बैठकांनाही ते तेवढेच हजर होते, ते कुणी लिहिलं? देश राखणाऱ्यांना माइकवाला ओळखता येत नसेल, तर हेर काय डोंबल ओळखणार?

मी नागेंद्रला चहाच्या गाड्यावर गाठलं. "बसून लिहिलंस, पण खुर्ची कुणाची ते न्हाय लिहिलंस?"

"आक्का, वर गेलेलं परत येत न्हाय."

"मग नवं लिही."

तो कप ठेवून निघून गेला.

पुढच्या सभेला अण्णांनी सवयीनं खुर्ची टाकलीच. नागेंद्र बसला. वक्ते यायच्या आधी उपासनानं माइक हातात घेतला.

"हॅलो, चेक. नागेंद्रअण्णा, वही काढा. सिद्राम हे माइकवाले. जो बोलावेल त्याच्याकडं जातात. यादी भरावी म्हणून तुम्हाला स्वतःचं नाव द्यायचे. लिहा, मी सावकाश सांगते."

चार भोंग्यांतून ते पार बसस्टँडपर्यंत गेलं. नागेंद्र मान खाली घालून लिहीत होता. लिहून झाल्यावर म्हणाला, साक्षीला दहा सह्या पाहिजेत.

आलेल्या नऊ जणांनी केल्या. दहावी कमी पडली. अण्णांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्यांना मागं सारलं.

"माझं घाल," म्हटलं. "मालुबाई. आणि पुढच्या यादीतबी घाल, काय व्हायचं ते हूं दे."