ग्रीनहाऊसमधला दुधी

काळजी माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे. ब्रिस्टलमध्ये भाजी लावायला कौन्सिलची अलॉटमेंट, म्हणजे भाड्याने जमिनीचा तुकडा मिळाला, तेव्हा नवरा म्हणाला, "चला, आता काळजी करायला तुला घराबाहेरही जागा झाली." एप्रिलमध्ये मी थंडीची धास्ती घ्यायची आणि जूनमध्ये गोगलगायींची. पण त्या वर्षी असा उन्हाळा पडला की गोगलगायीही दिसेनाशा झाल्या. पाइपने पाणी घालायला बंदी आली. मग मी स्पेनमधल्या बागवाल्यांचे व्हिडिओ बघून तिकडच्यासारखी बाग करायला लागले. मुळाशी पेंढा, काचांवर पांढरं कापड आणि उन्हं कलल्यावर झारीने सावकाश पाणी. टोमॅटो, वांगी खूश होती. माझा जीव अडकला होता तो ग्रीनहाऊसमधल्या दुधीच्या वेलात.

तो वेल बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी होता. ते पुण्याहून उन्हाळाभर राहायला आले होते आणि रोज सकाळी अनशापोटी दुधीचा रस घ्यायची त्यांची जुनी सवय. दुकानातला दुधी त्यांना शिळा वाटायचा.

ऑगस्टमध्ये मला कामासाठी बर्मिंगहॅमला जावं लागलं, तेही नेमकं सगळ्यात कडक उन्हाच्या आठवड्यात. नवऱ्याने पाणी घातलं, पण वरवर. मी परतले तेव्हा वेलाची पानं माना टाकून होती. त्यावरचा एकुलता एक मोठा दुधी बाबांनी आधीच घरी आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवर पाणी घालून आले, तर बाबा सोफ्यावर डोळे मिटून बसलेले. चेहरा पांढराफटक.

"पित्त झालंय गं. जरा पडतो."

ओट्यावर उरलेला अर्धा दुधी होता. भाजीसाठी चिरायला घेतला आणि आईने लावलेल्या सवयीप्रमाणे आधी एक चकती चावून बघितली. तोंड इतकं कडू झालं की मी सिंकमध्ये थुंकतच राहिले. दुधीला उन्हाचा आणि तहानेचा ताण पडला की तो कधी कधी कडू होतो, आणि कडू दुधीचा रस जिवावर बेततो. अशा बातम्या मी वाचल्या होत्या.

"बाबा, रस कडू होता का?"

"होता थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

ते उठून बाथरूमकडे धावले. उलटीत रक्त होतं.

ॲम्ब्युलन्ससाठी फोन लावला. "इट्स अ व्हेजिटेबल, होमग्रोन, आय ग्रू इट मायसेल्फ," असं मी पलीकडच्या बाईला पुन्हा पुन्हा सांगत होते. तिने ते एकदाही विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्यांचं ब्लडप्रेशर खाली खाली जात होतं. या विषावर उतारा नाही, सलाइन देत वाट बघायची, असं डॉक्टर म्हणाली. नवरा ऑफिसमधून धावत आला. आम्ही दोघं त्या मशीनवरच्या आकड्यांकडे बघत बसलो. मनातल्या मनात मी तो वेल कितीतरी वेळा उपटून फेकला.

संध्याकाळी प्रेशर वर यायला लागलं. नवरा चहा आणायला गेला होता. डॉक्टरने विचारलं, नेमका किती रस घेतला होता?

"टू ग्लासेस," बाबा पुटपुटले.

ती गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही तर एकच ग्लास घेता ना?"

"दुसरा तुझा."

रोज ते माझ्यासाठीही एक ग्लास काढून फ्रिजमध्ये झाकून ठेवत.

"पहिल्या घोटालाच कळलं मला," ते म्हणाले. "तू प्यायली असतीस तर तुलाही कळलं असतं. मग महिनाभर मनाला लावून घेतलं असतंस. म्हणून तोही संपवला."

"अहो, मग ओतून द्यायचा!"

"तू किती जपलं होतंस त्याला. ओतवेना."

मी ओरडले. भर वॉर्डमध्ये, मराठीत, सासऱ्यांवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी आवाज चढवला नव्हता. ते खाली बघत ऐकून घेत होते. ओरडता ओरडता मला रडू आलं. माझ्या काळजीची घरात एवढी दहशत असेल हे मला माहीत नव्हतं.

नंतर मी त्यांचा हात धरून बसले. आता काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"बाबा, पोटात दुखत नाहीये ना आता?"

"नाही गं, अजिबात नाही," ते लगेच म्हणाले. मी उठून नर्सला शोधायला गेले.