फोल्डरच्या आतल्या कप्प्यातला कागद

माझ्या दवाखान्यात तपासायचं टेबल होतं, पण त्याच्यावर पेशंट कधी झोपत नसे. त्याच्यावर खोके झोपत. औषध कंपन्यांची माणसं आठवड्यातून दोनदा यायची, सॅम्पलं ठेवून जायची, आणि ती ठेवायला दुसरी जागाच नव्हती. भाईंदर पश्चिमेला मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा गाळा, दहा बाय दहाचा. त्यात मी, माझी खुर्ची, पेशंटचं स्टूल, मध्ये एक पडदा, आणि पडद्यामागे ते टेबल. बाहेर बाकावर दहा-बारा माणसं खोकत बसलेली. स्टुलावर बसवायचं, नाडी बघायची, छातीला नळी लावायची, चिठ्ठी लिहायची, पुढचा! पंधरा वर्षं असंच चाललं होतं, आणि बरं चाललंय असं मला वाटत होतं.

मूळचा मी रत्नागिरीकडचा. तोंडाने फटकळ, पेशंटवर खेकसणारा. लोक म्हणायचे, डॉक्टर कडक आहे पण हाताला गुण आहे. ही असली स्तुती माणसाला पार वाया घालवते, हे मी आता अनुभवाने सांगतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्हा डॉक्टरांना नवीन काही शिकत राहायला हवं, व्याख्यानांना हजेरी लावायला हवी, त्याचे तास नोंदवायला हवेत, असं तेव्हा फार बोललं जायला लागलं होतं. त्यामुळे दर महिना-दीड महिन्यानं एखाद्या रविवारी काशीमीऱ्याच्या एखाद्या हॉटेलात कार्यक्रम असायचा. खर्च औषध कंपनीचा. आमची रीत ठरलेली होती. दारात सही करायची, फोल्डर घ्यायचं, चहा-बिस्किटं खायची, दिवे मंद झाले की मागच्या दाराने हळूच बाहेर सटकायचं, आणि जेवणाची ताटं लागल्याचा आवाज आला की परत यायचं. शेवटी सर्टिफिकेट मिळायचंच. सगळेच असं करत नसत. पुढच्या रांगेत माना वर करून ऐकणारे काही होते, आणि आम्ही त्यांना हसायचो. "बघ, पहिल्या बाकावरची पोरं," असं माझा एक डॉक्टर मित्र म्हणायचा.

त्या रविवारी विषय होता आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर. मुंबईहून एक तरुण सर्जन आला होता. त्यानं पहिलंच चित्र पडद्यावर टाकलं आणि मित्रानं मला कोपरानं ढोसलं. "अरे, जेवणाआधी हे काय दाखवतोय? सही झाली ना तुझी? चल."

आम्ही बाहेर गेलो. हायवेवरून ट्रक धडधडत होते, आम्ही हॉटेलच्या पायऱ्यांवर उभे राहून भाईंदरच्या फ्लॅटचे भाव, क्रिकेटची मॅच आणि पोरांची दहावी यावर गप्पा मारल्या. आतून एकदा मोठा हशा ऐकू आला. मला वाटलं, बरा बोलतोय वाटतं. तेवढंच. मग पनीर, पुलाव, गुलाबजाम, आणि खाली सही असलेलं गुळगुळीत सर्टिफिकेट. ते मी फ्रेम करून माझ्या खुर्चीमागे लावलं. हो, लावलं! आधीची चार होती, त्यांच्या शेजारी पाचवं.

फोल्डर मात्र झकास होतं. काळं, रेक्झिनचं, चेनचं, वर सोनेरी अक्षरांत औषधाचं नाव. मी ते उघडूनसुद्धा बघितलं नाही. दवाखान्यात नेऊन टाकलं.

पंधरा दिवसांनी पालीची मावशी आली. पाली म्हणजे उत्तनच्या बाजूचं कोळ्यांचं गाव. ती पहाटे तिथून मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात बसायची आणि पाटी रिकामी झाली की बस पकडायच्या आधी माझ्याकडे डोकवायची. पन्नाशीची असेल. नवरा गेलेला, घरात एकच मुलगी, कॉलेजात शिकणारी. तिला शिकवायचं म्हणून ही बाई दिवसभर ओट्यावर बसायची. बोलायला माझ्यापेक्षा फटकळ. मी खेकसलो की म्हणायची, "डॉक्टर, तुमी बाजारात बसायला पायजे व्हते, गिऱ्हाईक भिऊन पैसे देऊन गेलं असतं."

त्या दिवशी मात्र ती गप्प होती. बाकीचे पेशंट जाईपर्यंत बाहेर थांबली, मग आत येऊन पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "संडासला रगत जातंय."

"कधीपासून?"

"झालं असंल महिना."

"तिखट खाता, सुकट खाता, दिवसभर बसून असता. मूळव्याध आहे, मावशी." मी चिठ्ठी लिहायलाही लागलो होतो. मलम, इसबगोल, आणि चेहरा पांढरा वाटला म्हणून लोहाच्या गोळ्या. तपासलं का नाही? मी मनाला सांगितलं, बाई माणूस आहे, इथे मदतीला कुणी बाई नाही, तिला लाज वाटेल. खोटं. तिला लाज वाटत होतीच, पण ती लाज गिळून ती माझ्यापर्यंत आली होती. आळस माझा होता. टेबलावरचे खोके कोण उतरवणार?

चिठ्ठी घेताना तिनं कमरेच्या पिशवीतून जुने कागद काढले. बर्फाच्या पाण्यानं भिजलेले, मासळीचा वास मारणारे, शाई पसरलेली. मला तिची दया आली, किंवा माझ्या मोठेपणाची मला हौस आली. मी कोपऱ्यातलं ते काळं फोल्डर उचललं आणि म्हणालो, "हे घ्या मावशी, यात ठेवत जा कागद. चेन आहे, भिजणार नाहीत."

तिनं ते पदरानं पुसलं. एवढं कोरं असतानाही! "येवढं भारी? मना?"

"घ्या हो. मला काय करायचंय त्याचं?"

होळीच्या सुमाराला हे झालं. गणपती गेले तरी ती येतच होती. दर वीस-पंचवीस दिवसांनी ते फोल्डर छातीशी धरून यायची, चेन उघडायची, माझ्याच चिठ्ठ्या मला दाखवायची. मी मलम बदललं. गोळ्या बदलल्या. तिखट बंद करा म्हणून ओरडलो. ती बारीक होत गेली, आणि मी म्हणालो, "बरं झालं, वजन उतरलं." हो, हे वाक्य मी बोललो होतो. तीसुद्धा हसली होती.

दिवाळीत मी आठ दिवस गावी गेलो. दवाखाना बंद नको म्हणून ओळखीच्या एका नवीन, तरुण डॉक्टरबाईंना बसवून गेलो. परत आलो, शटर वर केलं आणि पहिलं काय दिसलं? माझे खोके! सगळे जमिनीवर, भिंतीशी रचलेले, आणि टेबलावर स्वच्छ चादर. मी भडकलोच. "माझ्या सामानाला कोणी हात लावला?" असं रिकाम्या दवाखान्यात मोठ्यानं ओरडलो. मग टेबलावरची चिठ्ठी दिसली. त्या डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं, की पालीच्या पेशंट आल्या होत्या, बोटानं तपासलं, आत कडक गाठ लागली, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात तातडीनं पाठवलं आहे.

बोटानं तपासलं. दोन मिनिटांचं काम. एक हातमोजा.

मी स्टुलावर बसलो, पेशंटच्या. खुर्चीवर बसवेना.

हॉस्पिटलात मी फोन केला. तिथल्या सर्जननं सांगितलं, ऑपरेशन मोठं आहे, शौचाची वाट कायमची पोटावर काढावी लागेल, गाठ शेजारी पसरलीय, पुढचं आत्ता सांगता येत नाही. मग त्यानं सहज विचारलं, "इतके महिने कोण बघत होतं हिला?"

मी म्हणालो, "कोण जाणे. इथलाच कुणीतरी."

असं बोललो मी. फोन ठेवला. मागे वळलो तर भिंतीवर पाच सर्टिफिकेटं, एका ओळीत.

ऑपरेशननंतर महिनाभरानं मी पालीला गेलो. तिला खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी लावली, कारण पुढे दोन माणसंसुद्धा शेजारी चालू शकत नाहीत. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. मावशी, चूक माझी आहे. मावशी, मी तुम्हाला तपासायला हवं होतं.

ती पलंगावर बसली होती, निम्मी झालेली. मला बघून उठायला लागली. शेजारची एक बाई बसली होती, तिला म्हणाली, "हेच ते डॉक्टर, मी सांगितलं नाय तुला?" आणि उशीखालून तिनं ते काळं फोल्डर काढलं.

"हॉस्पिटलात जुने कागद मागितले, तवा पोरीनं हे सगळं उलटं केलं. तर आतल्या कप्प्यात ह्यो निघाला." तिनं घडी घातलेला एक छापील कागद काढला. इंग्रजी. "पोरीनं वाचून दाखवला. चाळिशीच्या वर रगत गेलं तर मूळव्याध समजू नका, बोटानं तपासा, वजन उतरलं तर थांबू नका, दुर्बीण घालून बघा. सगळं लिवलंय. तुमी मना आधीच दिला व्हता, डॉक्टर! तोंडानं बोलायला तुमाला बरं वाटलं नसंल, बाई मानसाला कसं सांगायचं. म्हून कागद दिलात. आनि मी येडी, वाचता येत न्हाय, कुनाकडनं वाचून घेतला न्हाय. आठ म्हयने छातीशी धरून फिरले. माझीच चूक हाय."

शेजारीण चुकचुकत मान हलवत होती. मी तोंड उघडलं. जुळवलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. मुलगी दाराला टेकून उभी होती आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. मग मावशी म्हणाली, "चहा ठेव गं डॉक्टरांना," आणि मी तो चहा प्यायलो. शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

मुलगी स्कूटरपर्यंत पोचवायला आली. एकोणीस वर्षांची पोर. म्हणाली, "कागदावर सगळ्यात वर एक ओळ आहे. ती मी आईला वाचून दाखवली नाही."

"कुठली?"

"'फक्त डॉक्टरांसाठी'."

मी म्हणालो, "मी आत्ता परत जातो. तिला सांगतो सगळं."

"नको." तिचा आवाज अजिबात चढला नाही. "सांगून तुम्हाला मोकळं वाटेल. तिला काय मिळेल? कुणीतरी डॉक्टर आपली एवढी काळजी करत होता, हे ती येईल त्याला सांगते. त्याच्यावर उठून बसते ती. ते काढून घेऊ नका. तिच्यासाठी सांगतेय, तुमच्यासाठी नाही."

आणि मला काय वाटलं, खरं सांगू? सुटलो असं वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं. उत्तनच्या रस्त्याला लागेपर्यंत मी जवळजवळ खुशीत होतो. मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या खुशीची. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या शब्दाआड मी चाळिशी उलटलेला माणूस लपलो, आणि आई स्वतःला दोष देत राहिली.

त्यानंतर मावशी दोन वर्षं होती. मी जायचो, ड्रेसिंगचं सामान पोचवायचो, पोटावरची पिशवी बदलायला मुलीला मदत करायचो. दर वेळी एकदा तरी ती म्हणायचीच, "मीच वाचला न्हाय." दर वेळी मी मान खाली घालायचो. तिला वाटायचं, डॉक्टरांना वाईट वाटतंय.

टेबलावर खोके परत ठेवले नाहीत. सर्टिफिकेटं उतरवली, भिंतीवर पाच चौकोन उरले, रंगाने बाकी भिंतीपेक्षा उजळ. शेजारच्या लॅबमधल्या ताईंना सांगून ठेवलं, बाई पेशंट असली की पडद्याआड येऊन उभ्या राहा. काशीमीऱ्याला मी पुढच्या रांगेत बसायला लागलो. मित्र हसला, हसू दे.

आणि मग, मावशी होती तेव्हाच, ती पहिली बाई आली. पालीचीच, मासळीवाली. चिठ्ठी पुढे करावी तसा तिनं एक कागद पुढे केला. झेरॉक्स होता.

"मावशीनं धाडलंय," ती म्हणाली. "तिनं पोरीकडनं ढीगभर काढून घेतल्यात. गल्लीत घरोघर वाटल्या. म्हणती, रगत गेलं तर लाजू नका, ह्यो कागद घेऊन डॉक्टरांकडं जा, ते बोलनार न्हाईत पन तपासतील."

मी तिला टेबलावर घेतलं. तिला खरोखर मूळव्याधच होती. तिच्यानंतर दुसरी आली, मग एक म्हातारा, मग उत्तनहून एक जोडपं. मावशी गेली त्या वर्षीसुद्धा येतच राहिले. त्यातल्या एकाला गाठ निघाली, पण लहान, आणि तो अजून होडी घेऊन जातो.

झेरॉक्स काढताना वर एक पट्टी ठेवली असती तर ती ओळ झाकली गेली असती. मुलीनं ती झाकली नाही. एकाही कागदावर झाकली नाही. येणारा प्रत्येक जण, वाचता येणारा आणि न येणारा, तो कागद माझ्या हातात द्यायचा. मी वरची ओळ वाचायचो, 'फक्त डॉक्टरांसाठी', आणि हातमोजे घालायचो.