मावशींची फ्लॉपी
कपाट आवरताना एक निळी फ्लॉपी सापडली, तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘मावशी’ लिहिलेलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हारला एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसायचे. उसाच्या ट्रकांची धूळ आत येऊ नये म्हणून दाराला कायम जाड पडदा असायचा. एका दुपारी तो सारून जवळच्या वस्तीवरच्या एक मावशी आल्या. पदरात गुंडाळलेले दोन फोटो होते, एक त्यांचा आणि एक वारलेल्या नवऱ्याचा. दोघांचा मिळून एकही नव्हता. मी दोन्ही स्कॅन केले, दोघांना शेजारी बसवलं, खांद्याला खांदा जुळवला आणि काम या निळ्या फ्लॉपीवर सेव्ह केलं. स्टुलावर बसून बघणाऱ्या मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “आता एक्सपोर्ट करते,” मी म्हणाले, तशा त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. “कांदा परदेशी धाडत्यात तसं? नगं बाई. आत्ता कुठं शेजारी आलेत.” मी समजावलं, की नुसत्या सेव्ह केलेल्या फाईलमध्ये दोघं वेगवेगळ्या थरांवर राहतात, कधीही बाजूला करता येतात, एक्सपोर्ट केलं की सगळं एकजीव होतं, मग कुणालाच अलग करता येत नाही. त्यांनी स्टूल स्क्रीनजवळ ओढलं. “मंग एकजीवच करा. आन् ती अलग व्हनारी हाय ना, ती पुसून टाका.” आमच्या धंद्यात मूळ फाईल कुणी पुसत नाही. मी एक्सपोर्ट केलं आणि फ्लॉपीवरची ती फाईल त्यांच्यादेखत पुसली. आता फ्लॉपी वाचणारं यंत्र माझ्याकडे नाही, पण ही रिकामी आहे हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच ती टाकवत नाही.