वर जाताना वजन जास्त

इंगोलश्टाटमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक नवी पाटी लागली आहे : 'लिफ्टमध्ये वजनकाटा वापरण्यास मनाई.' अशी पाटी असलेली दुसरी इमारत अख्ख्या जर्मनीत नसावी. ही पाटी माझ्यामुळे लागली.

मी पुण्याहून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन इथे आलो आणि गेली बारा वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. चालती वस्तू थांबवायची कशी हे मला कळतं, असं माझ्या कंपनीचं मत आहे. (थांबलेली वस्तू पुन्हा चालू करायचं खातं वेगळं. हे पुढे कामाला येईल, लक्षात ठेवा.)

माझी मुलगी इरा तेरा वर्षांची. तिच्या शाळेत 'एक्स' नावाचा एक प्रकार असतो. बाई सकाळी वर्गात येतात, गोड हसतात आणि आधी काही न सांगता छोटा पेपर वाटतात. आता न सांगता येणाऱ्या परीक्षेवर उपाय एकच, रोज तयारी! म्हणून मी रोज संध्याकाळी जेवणाआधी तिच्याकडून फिजिक्सचे नियम म्हणून घ्यायचो. आम्हाला क्लासच्या सरांनी असेच घोटवले होते. त्यातला एक नियम माझा फार लाडका : वर जाताना वजन जास्त, खाली येताना वजन कमी.

"पण का, बाबा?" इराने विचारलं होतं.

"का ते नंतर कळतं. आधी पाठ कर. आणि दुसरं काय सांगितलंय मी?"

"प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा," इरा जांभई देत म्हणाली.

"शाब्बास! अर्धे मार्क तिथेच जातात."

मग एका गुरुवारी एक्स झाली आणि शुक्रवारी इरा घरी पेपर घेऊन आली. चार! आमच्या सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी नातीची अलाबला घेतली.

"मागच्या वेळी दोन होते, आता चार. दुप्पट झाले की गं!"

"अगं आई, इथे उलटं असतं," माझी बायको मंजिरी म्हणाली. "एक सगळ्यात चांगला आणि सहा म्हणजे नापास."

"असं कसं? मग मुलांनी चढायचं कुठे?"

पेपरवर पालकाची सही लागते. सही करायला मी पेन उघडलं आणि तिसऱ्या प्रश्नावर थबकलो. एक माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात आहे. काटा नेहमीपेक्षा जास्त दाखवेल, कमी दाखवेल, की तेवढंच? इराने आधी 'तेवढंच'वर खूण केली होती, मग ती खोडून 'जास्त'वर केली होती. आणि त्या 'जास्त'वर बाईंची लाल फुली! माझ्या लाडक्या नियमावर फुली!!

"तू वेळेवर सुधारलंस, बेटा. चूक तुझ्या बाईंची आहे," मी म्हणालो.

"मिलिंद, त्यात 'एकसारख्या वेगाने' असं काहीतरी लिहिलंय बघ," मंजिरी खांद्यावरून डोकावत म्हणाली.

"ती नुसती भाषेची सजावट असते."

इराने दप्तरातून एक फॉर्म काढला. पुढच्या वर्षी विज्ञान शाखा घ्यायची की भाषांची, ते त्यावर लिहून सोमवारी शाळेत द्यायचं होतं. "मी भाषा घेते," ती म्हणाली. "फिजिक्स मला जमतच नाही. मला जे वाटतं ते चूक निघतं आणि पाठ केलेलंही चूक निघतं."

ही पोर सहा वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या टायमरची घंटा नक्की कुठे बसते ते बघायला तिने तो सुटा केला होता. (परत जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले, पण वाजत होता!) आणि आता एका फुलीपायी हिने हे सगळं सोडायचं? छे! मी तिथल्या तिथे ठरवलं, सोमवारी सकाळी शाळेत जायचं, बाईंना भेटायचं आणि ती फुली पुसून घ्यायची. तीही पुराव्यासकट! वजनकाटा लिफ्टमध्ये न्यायचा, वर जायचं, मोबाईलवर चित्रण करायचं, संपला विषय.

"बाबा, प्लीज नको ना," इरा म्हणाली. तिने हे तीनदा म्हटलं. मी एकदाही ऐकलं नाही.

शनिवारी सकाळी मोहीम सुरू झाली आणि पाच मिनिटांत अडली. आमचा वजनकाटा बॅटरीवरचा. उभं राहिलं की दोन क्षण विचार करतो आणि मग एक आकडा धरून बसतो. तळमजल्यावर एक्क्याण्णव म्हणाला तो सातव्या मजल्यावरही एक्क्याण्णवच. एकदा ठरवलं की ठरवलं! (मंजिरीच्या मते तो स्वभावाने माझ्यावर गेला आहे.) जुना, फिरत्या काट्याचा हवा होता. तो पाचव्या मजल्यावरच्या फ्राउ लेशनरकडे होता. या बाई सत्तरीच्या पुढच्या. जिन्यात कोणी सायकल ठेवली की सगळ्यात आधी यांची चिठ्ठी पडते.

"लिफ्टमध्ये कशाला हवाय?" त्यांनी दार अर्धंच उघडून विचारलं.

"मुलीच्या फिजिक्ससाठी."

"आल्झो, हे बघा... काटा माझ्या आईचा आहे. तो जिथे जाईल तिथे मी जाणार."

मग काटा मध्ये, काट्यावर मी, समोर मोबाईल धरून इरा आणि कोपऱ्यात पर्स छातीशी धरून फ्राउ लेशनर, अशी आमची वरात तळमजल्यावरून निघाली. मी बटण दाबलं. लिफ्टने हिसका दिला आणि काटा एक्क्याण्णववरून टुणकन पंच्याण्णववर गेला!

"बघ! बघितलंस? पंच्याण्णव!!" आयुष्यात प्रथमच वजन वाढल्याचा मला आनंद झाला.

"बाबा, आता बघ," इरा म्हणाली. काटा परत एक्क्याण्णववर आला होता आणि तिथेच गुमान उभा होता. दुसरा मजला, तिसरा, चौथा. एक्क्याण्णव!

"अडकतोय काटा," मी म्हणालो.

"माझ्या आईचा काटा कधीही अडकलेला नाही," फ्राउ लेशनर म्हणाल्या.

आम्ही खाली गेलो आणि पुन्हा वर आलो. पुन्हा खाली, पुन्हा वर. दर वेळी तेच. हिसक्याला पंच्याण्णव, मग सातव्या मजल्यापर्यंत एक्क्याण्णव आणि थांबताना क्षणभर शहाऐंशी. चौथ्या फेरीला लिफ्ट आमच्याच, तिसऱ्या मजल्यावर थांबली. दारात सासूबाई उभ्या होत्या, साडीवर कोट, हातात चिवड्याचा डबा. खालच्या बाकावर उन्हात बसून चिवडा खायचा हा त्यांचा शनिवारचा नेम.

"अहो मिलिंदराव, किती वेळ झाला बटण दाबतेय! कोण एवढं वरखाली करतंय म्हटलं."

"आई, आत या. आधी वर जाऊ, मग खाली. तुम्ही राहता का काट्यावर उभ्या? म्हणजे दुसरा पुरावा होईल."

"मी? मुळीच नाही! आमचं वजन आमच्यापाशी."

दार लागलं, हिसका बसला आणि काटा पुन्हा पंच्याण्णववरून एक्क्याण्णववर आला. आता मात्र माझी सहनशक्ती संपली. मंडईत तागडी अडकली की भाजीवाला काय करतो? हाणतो! मी काट्यावर जागच्या जागी टाच आपटली. काटा थरथरला, पण हलला नाही. मग मी दोन्ही पाय जुळवले आणि उडी मारली.

काटा एकशे तीसच्या पुढे गेला. त्याच क्षणी 'खट्' असा आवाज झाला, दिवा एकदा मिचकला आणि लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये थांबली.

चालती वस्तू थांबवण्यातलं माझं कौशल्य सिद्ध झालं होतं.

"बाबा," इरा शांतपणे म्हणाली, "आता वजन बघ. एक्क्याण्णव."

मी घंटेचं बटण दाबलं. भिंतीतून एका तरुणाचा आवाज आला.

"आत किती जण आहात?"

"चार."

"वजन जास्त झालंय का?"

"नाही! माझंच एक्क्याण्णव आहे, अगदी अचूक. वाढत नाही हाच तर प्रश्न आहे!"

"तुम्हाला तुमचं अचूक वजन कसं माहीत?"

"मी वजनकाट्यावर उभा आहे."

"लिफ्टमध्ये?"

"याने उडी मारली!" फ्राउ लेशनर भिंतीकडे तोंड करून ओरडल्या. "माझ्या आईच्या काट्यावर!"

"चाळीस मिनिटांत माणूस पाठवतो," आवाज म्हणाला. "तोपर्यंत कृपा करून कोणीही कसलाही प्रयोग करू नका."

जिन्यातून मंजिरीची हाक आली, "मिलिंद, पुरावा मिळाला का रे?" मी काट्यावरून खाली उतरलो. सासूबाईंचे पाय दुखायला लागले होते आणि जमीन होती पत्र्याची, गारढोण. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाटावर बसावं तशी त्या काट्यावर मांडी घातली आणि आकड्यांवर पदर पसरला. पण पदर पडण्याआधी इराची नजर तिथे गेली होती. (तो आकडा तिने आजतागायत कुणाला सांगितलेला नाही. मी चॉकलेटचं आमिष दाखवूनही!) मग डबा उघडला. फ्राउ लेशनरनी चिमूटभर चिवडा घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला.

"पण हे चाललंय तरी काय?" सासूबाईंनी विचारलं. "मला कुणी नीट सांगेल का?"

मी तोंड उघडलं, पण इराच पुढे सरकली. एरवी आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. पण आजीला जर्मन येत नाही. इरा पत्र्यावर फतकल मारून बसली आणि मोबाईलवरचं चित्रण तिने हळू करून लावलं.

"आजी, तू एसटीत बसतेस ना? ती सुरू होते तेव्हा काय होतं?"

"पाठ धाडकन मागे आपटते."

"हां. आणि मग बस नुसती चालत असते, सारखी, एकाच स्पीडने. तेव्हा?"

"तेव्हा काय, नीट बसते. मी तर डुलकीसुद्धा काढते."

"गेनाऊ! म्हणजे बरोब्बर! लिफ्ट पण तशीच. सुरू होताना ढकलते म्हणून काटा वर जातो. मग सारखी चालते, तेव्हा उभी असल्यासारखंच वजन. थांबताना कमी. हे बघ, पंच्याण्णव... एक्क्याण्णव... शहाऐंशी."

सासूबाईंनी चित्रण दोनदा पाहिलं. "एवढंच? हे मला कळलं की गं! मग मिलिंदरावांना का कळत नव्हतं?"

चिवड्यातल्या शेंगदाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"इरा," मी म्हणालो, "पेपरात तू आधी 'तेवढंच'वर खूण केली होतीस. ती का खोडलीस?"

"तू पाठ करून घेतलं होतंस ना. मला वाटलं, बाबा इंजिनिअर आहे, त्याला बरोबर माहीत असणार."

मला भयंकर लाज वाटली. पोरीला आपणहून बरोबर उत्तर आलं होतं. ते तिने माझ्यावर विश्वास ठेवून खोडलं, आणि तो विश्वास मी बारा वर्षं ब्रेक बनवून कमावला होता! फुली बाईंनी इराला दिलीच नव्हती, ती मलाच होती.

"तुझं बरोबर होतं, बेटा," मी म्हणालो. "माझं चुकलं. तुला फिजिक्स जमतं, मला जमत नाही."

"थोडं जमतं तुला," ती दयाळूपणे म्हणाली. "उडी मारल्यावर एकशे तीस होतं, ते तू प्रयोग करून दाखवलंस."

अखेर माणूस आला. त्याने पाचव्या मजल्यावरून दार उघडलं, एका शिडीवरून आम्हा चौघांना, काट्याला आणि रिकाम्या डब्याला वर काढलं आणि मला बाजूला घेऊन लिफ्टमधली जुनी सूचना मोठ्याने वाचायला लावली. 'लिफ्टमध्ये उड्या मारू नयेत.' मी ती शेवटपर्यंत वाचली.

सोमवारी सकाळी इराने फॉर्म माझ्यासमोर सरकवला. विज्ञान शाखेवर खूण होती, ठळक, कुठेही खाडाखोड नसलेली. मी मुकाट्याने सही केली. शाळेत बाईंना भेटलो खरा, पण चित्रण दाखवून, लिफ्टमध्ये अडकल्याची सगळी हकीकत सांगून माफी मागायला. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. हे वर्गाला दाखवलं तर चालेल का, त्यांनी विचारलं. मी मोठ्या मनाने हो म्हणालो. (पेपरात टाकलं तर चालेल का, हे त्यांनी विचारलं नव्हतं.)

तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स झाली. इरा नाचतच घरी आली. एक! सासूबाईंना मात्र वाटलं की गडगडली, म्हणून त्या तिची समजूत घालू लागल्या. इराने शेवटच्या प्रश्नाखालचं स्वतःचं उत्तर हाताने झाकलं आणि पेपर माझ्यापुढे धरला.

"बाबा, तू सोडवून दाखव."

'एक्क्याण्णव किलो वजनाचा एक इंजिनिअर लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. काटा काय दाखवेल?' अशी सुरुवात होती. (अठ्ठावीस मुलांना आता माझं वजन माहीत आहे.) अ : लिफ्ट वर निघताना? जास्त. ब : एकसारख्या वेगाने वर जाताना? तेवढंच! क : लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे... अहो, यात विचार कसला करायचा? तिथे तर मी स्वतः चाळीस मिनिटं राहून आलो होतो! एक्क्याण्णव किलो, मी एका कोऱ्या कागदावर ठासून लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

इराने लाल पेन घेतलं आणि क वर फुली मारली. मी प्रश्न पुन्हा पाहिला. पुढे आणखी एक ओळ होती : 'इंजिनिअर काट्यावरून खाली उतरला असून आता त्यावर त्याची सासू बसली आहे.'

"उत्तर, सासूचं वजन! वर्गात सगळ्यांना आलं हे," इरा म्हणाली आणि माझ्या कागदावर तिने तीन असा आकडा घातला. "आता यावर पालकाची सही आण."

माझे पालक म्हणता येईल असं त्या घरात एकच माणूस होतं. सासूबाईंनी चष्मा लावला, इराकडून प्रश्न शेवटपर्यंत वाचून घेतला आणि मगच सही केली.