गोधडीच्या पोटात

ताराअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फोनवर मंजू होती, अक्काच्या पुतण्याची बायको. मंजू मराठी बोलते, पण रडू आलं की तिची हिंदीच होते. "काकीजी, अक्का नहीं रहीं… सुई हाथ में थी," एवढंच ती म्हणाली. सुई हातात होती म्हणजे गोधडी मांडीवर होती. आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या डोक्यात प्रश्न आला, कुणाची गोधडी? नव्वदीला टेकलेली, आयुष्यभराची मैत्रीण जाते आणि बाईला हे सुचतं. अक्काला कळलं असतं तर म्हणाली असती, "तुझं नाक अजून दुसऱ्याच्या गोधडीतच."

झाशीला मी नवी नवरी म्हणून आले ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. माझे यजमान मालगाडीवर गार्ड, शेजारी अक्का, तिचे यजमान कोळशाचं इंजिन चालवायचे. अक्का तिथल्या जुन्या मराठी घरातली, पिढ्यानपिढ्या झाशीत मुरलेली. बोलण्यात माझ्या आजीच्या तोंडचे लुगडं, फडताळ असले शब्द, आणि हाक मात्र 'काय बिन्नू', म्हणजे काय गं बहिणी, अशी बुंदेली. मी साताऱ्याची, मॅट्रिक पास, शिवणाच्या तासाला पहिला नंबर; त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला येतं अशी माझी खात्री होती. पहिल्याच थंडीत हट्ट करून मी मानिक चौकातून साटिनची गुलाबी रजई आणवली. दिसायला ती राजघराण्यातली, पण अंगावर ठरेल तर शपथ. एक टोक यजमानांनी मुठीत धरायचं, एक मी, आणि ज्याला आधी झोप लागेल त्याच्या बाजूनं ती जमिनीवर. अक्कानं हे ऐकलं आणि आठवड्याभरात एक गोधडी आणून दिली. वर तिच्या यजमानांच्या खाकी पॅंटींचे तुकडे, पायजम्यांच्या पट्ट्या, कुणाच्या तरी परकराचा काठ. मी नाक मुरडून म्हटलं, "अक्का, आमच्याकडे असलं गड्याला देतात." ती म्हणाली, "दे की. आधी एक दिवस तू घे, मग दे." दुसऱ्या दिवशी गुलाबी रजई ट्रंकेत गेली.

अक्काची शिवायची रीत ठरलेली होती. खाली धोतर, वर तुकड्यांची मांडणी, कडेनं धावदोरा सुरू करायचा आणि चारी बाजूंनी आत आत येत मधोमध संपवायचा. पण त्याआधी दोन थरांच्या मध्ये ती एक कापड घालायची. त्याला ती 'पोट' म्हणायची आणि ते घालताना दार लावून घ्यायची. आत काय असतं यावर कॉलनीतल्या बायकांचे तर्क चालत. कुणी म्हणे अंगाऱ्याची पुडी, कुणी म्हणे मंतरलेलं कापड. मी तर शिकलेली. मी पुराव्याशिवाय ठरवून टाकलं की आत अक्काच्या मेलेल्या सासूचं लुगडं आहे, आणि आपण नवराबायको तिच्या सासूला पांघरून झोपतो आहोत. एका दुपारी यजमान ड्यूटीवर गेल्यावर केसातली पिन काढली आणि वीतभर शिवण उसवली. आत हिरवं लुगडं होतं. बोटाला एक रफू लागलं, हिरव्यावर पांढऱ्या दोऱ्याचं. हिरवा दोरा संपला म्हणून माझ्याच आईनं घातलेलं… लग्नात तिनं माझी समई त्या लुगड्यात गुंडाळून दिली होती. समई मी देवापुढे ठेवली आणि लुगड्याचं पोतेरं केलं. एके दिवशी ते दोरीवरून नाहीसं झालं, तर मला ते कळलंही नाही. मी दुसरं पोतेरं केलं.

उसवलेलं मी घाईघाईनं शिवून टाकलं. दुसऱ्या दिवशी गोधडी उन्हात घातली, तर अक्का शेजारी येऊन उभी.

"बिन्नू, उंदीर झालेत का गं घरात?"

"नाही, अक्का."

"मग हे टाके कुणाचे? शिवणात पहिला नंबर ना तुझा? वर्गात दुसरं कुणी नव्हतं वाटतं."

मी विचारलं, मागितलं का नाहीस? ती म्हणाली, "मागितल्यावर पोतेरं काढून दिलं असतंस? लाजेनं दडवलं असतंस." मग सगळी विद्याच तिनं उलगडली. कापड गुपचूप दोरीवरून उचलायचं आणि पंधरा दिवस ठेवायचं. कुणी शोधाशोध केली तर परत दोरीवर. नाही केली तर धुऊन पोटात. जे माणूस लांब आहे त्याचं कापड घालायचं, गोधडी ज्याची त्याचं स्वतःचं कधीच नाही. "का?" "त्याचं अंग आहेच की आत." मी म्हटलं, मग तुझी गोधडी कुठाय? अक्का रेल्वेच्या काळ्या घोंगड्यातच झोपायची. ती हसली. "मला कशाला? माझी सगळी झाशीतच आहेत."

त्यानंतर मी तिची साथीदार झाले. नळावर मी बायकांना बोलण्यात गुंतवायचं आणि तिनं दोरीवरून काम साधायचं. कुणाचा मुलगा फौजेत गेलेला, कुणाची बहीण इटारसीला दिलेली. धोबी मात्र फुकट बदनाम झाला. मला त्याचं वाईट वाटायचं, अक्काला नाही.

यजमान निवृत्त झाले आणि आम्ही मुलाकडे नागपूरला आलो. मागे अक्काचे यजमान गेले, ती एकटी पडली आणि झाशीतच सीपरी बाजारात पुतण्याच्या घरी राहायला गेली. तेराव्याला मी तिथं पोचले तेव्हा ती गोधडी पलंगावर होती, मधली वीतभर जागा शिवायची राहिलेली. मंजूची मुलगी रश्मी, अक्काची नात लागते ती, म्हणाली, "आजी, माझीच असणार. मैं भोपाल जा रही हूँ ना नौकरी पर." मंजू भांडी लावत राहिली. रश्मी बाहेर गेल्यावर मंजू माझ्याजवळ येऊन बसली. "काकीजी, अकरा वर्षं मी त्यांचं केलं. न्हाऊमाखू, दवापाणी, सगळं. माझ्यासाठी एक गोधडी नाही शिवली कधी. ये मेरी है क्या, बस इतना देख दो. बाद में बिटिया ले जाए."

मंजूचं माहेर दोन गल्ल्या पलीकडे, लांब असं तिचं कुणीच नाही. कारण मला दिसत होतं, पण ते तोंडावर कसं सांगू? आणि शिवाय, खोटं कशाला बोलू, आत काय आहे ते मलाही बघायचंच होतं. या वेळी केसात पिन नव्हती. केसच कुठे राहिलेत. मंजूनं ब्लेड दिलं. रश्मीही येऊन बसली. कडेची शिवण उसवून मी हात घातला आणि मऊ वायलचं टोक बाहेर ओढलं. जांभळे ठिपके… माझी साडी. आठ वर्षांपूर्वी मी चार दिवस झाशीला आले होते तेव्हा नेसलेली, आणि मग कधी शोधलीही नाही.

"मतलब आपकी है," मंजू म्हणाली. तिचा चेहरा उतरला. आणि मी? मी क्षणभर फुगले. एवढी म्हातारी झाले, पण साताऱ्याची ती पहिल्या नंबरवाली आत जिवंत आहे. मग आठवलं, ज्याची गोधडी त्याचं कापड कधीच नाही. मी जिला लांब, तिची ही गोधडी. असं झाशीत एकच माणूस होतं.

ही गोधडी अक्कानं स्वतःसाठीच शिवली, असं मी मंजूला सांगितलं. ती मराठीत म्हणाली, "म्हणजे आमच्यात राहूनही त्या एकट्या होत्या?"

"अगं वेडे," मी म्हटलं, "तुझं कापड पोटात घालायला तू लांब कुठे होतीस? तुझ्या तर हातांनी ती जेवायची." मंजूनं साडीचं टोक माझ्या हातातून घेतलं, नीट आत सारलं आणि वर तळहात ठेवून बसून राहिली. मग तिची हिंदी सुरू झाली.

गोधडी तिथंच आहे, अक्काच्या पलंगावर. ती कुणी न्यायची नाही असं रश्मीनंच ठरवलं. मी मात्र नागपुरात बसून अजून हिशेब लावते आहे, साडी उचलली ती चारांतल्या कोणत्या दिवशी? पहिल्या दिवशी साडी अंगावर होती. शेवटच्या दिवशी पाऊस होता, दोरी रिकामी होती. म्हणजे मधले दोन. ऐंशी ओलांडलेली बाई, गुडघे धरलेले, गच्चीचा जिना चढून गेली असणार, वाळत घातलेल्या साडीची घडी करून पदराखाली धरून उतरली असणार. आणि मी तेव्हा खालच्या खोलीत, हातात चहा घेऊन, तिची वाट बघत मंजूला सांगत होते की अक्का हल्ली फारच हळू झाली आहे…